एक जोडणी, एक वाट

दोन ब्रॉडबँड लाइन घेतल्या की वेग दुप्पट, असं बहुतेक कार्यालयांत गृहीतच धरलेलं असतं. पण शंभर-शंभर एमबीपीएसच्या दोन लाइन असल्या, तरी एक सलग डाउनलोड शंभराच्या पुढे जात नाही. खरा फायदा अख्खं ऑफिस एकदम कामाला बसतं तेव्हा कळतो.

कारण राउटर वाटतो त्या जोडण्या. दोन्ही लाइनींचे पब्लिक आयपी वेगळे असतात. एकाच जोडणीची पॅकेट आळीपाळीने दोन्हीकडून सोडली, तर समोरचा सर्व्हर अनोळखी पत्त्यावरून आलेली पॅकेट टाकून देतो. म्हणून सुरू झालेली जोडणी शेवटपर्यंत एकाच वाटेने न्यायची, हा या कामाचा पहिला नियम.

मायक्रोटिकच्या राउटरवर त्यासाठी पीसीसी (पर कनेक्शन क्लासिफायर) ही सोय आहे. दोन्ही बाजूंचे पत्ते आणि पोर्ट यांवरून राउटर एक संख्या काढतो आणि दोनने भागतो. बाकी शून्य उरली तर पहिली लाइन, एक उरली तर दुसरी. शंभर आणि पन्नासच्या लाइन असतील तर तीनने भागायचं. शून्य आणि एक मोठीकडे, दोन धाकटीकडे. शाळेतल्या भागाकारावर एवढं मोठं काम चालतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पोर्ट धरले की वाटणी छान बारीक होते, पण नेटबँकिंग अडतं. एका पानामागे अनेक जोडण्या असतात. त्या दोन आयपींवरून आल्या की काही बँका सेशन तोडतात. ओटीपी टाकून बसलेला कॅशियर पुन्हा लॉगिनच्या पानावर! अशा ठिकाणी मी फक्त पाठवणाऱ्या संगणकाचा पत्ता धरतो. वाटणी थोडी ओबडधोबड होते, पण कुणाचं काम मधेच तुटत नाही. दोन्ही लाइनींच्या वापराच्या आलेखातल्या सारख्या उंचीच्या रेघांपेक्षा मला ते मोलाचं वाटतं.

बंद पडलेल्या लाइनीकडे जोडण्या जाऊ नयेत, म्हणून लाइन चालू आहे का, हे तपासायला नुसता गेटवे पिंग करू नये. पुढे सगळं बंद असलं तरी तो उत्तर देत राहतो. प्रत्येक लाइनीतून बाहेरचा, 8.8.8.8 सारखा पत्ता तपासावा.

आणि दुसरी लाइन घेण्याआधी तिची केबल कुठून येते, ते स्वतः जाऊन बघा. दोन्ही कंपन्यांच्या केबल एकाच चरातून येत असतील, तर एक जेसीबी दोन्ही तोडतो. त्यावर कुठल्याच राउटरकडे इलाज नाही.