लाराबांगा : हत्तींच्या शेजारचे मातीचे गाव

घाना म्हटले की आपल्याला तीन गोष्टी आठवतात. कोको, सोने आणि कोफी अन्नान. यातले काहीही लाराबांगात नाही. कोको पिकतो तो दक्षिणेच्या ओल्या जंगलपट्ट्यात, सोन्याच्या बहुतेक मोठ्या खाणीही तिकडेच, आणि अन्नान कुमासीचे. लाराबांगा आहे देशाच्या कोरड्या उत्तरेत. गाव एवढेसे, की बसमध्ये डुलकी लागली तर ते मागे पडल्याचे कळायचेही नाही. तरी घानाच्या प्रत्येक पर्यटन-पुस्तिकेत त्याचे नाव सापडते. कारण गावात एक जुनी मातीची मशीद आहे आणि गावापासून चार-पाच किलोमीटरवर मोले राष्ट्रीय उद्यानाचे फाटक आहे. साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठे हे उद्यान म्हणजे घानातले सर्वांत मोठे अभयारण्य.

आक्रामधले काम आटोपल्यावर माझ्या हातात चार दिवस उरले होते. राजधानीतले लोक म्हणत होते, समुद्रकिनारा बघा, गुलामांच्या व्यापाराचे किल्ले बघा, उत्तरेला कशाला जाता? मी विमानाने तामाले गाठले.

तामाले हे उत्तरेचे मोठे शहर. विमानतळाबाहेर पडले आणि क्षणभर वाटले, आपण औरंगाबादला उतरलो की काय! रस्त्यावर पिवळ्या ऑटोरिक्षांची झुंबड, आणि निम्म्यांवर बजाजचे नाव. आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या शहराशेजारच्या वाळूजच्या कारखान्यातून रिक्षा आफ्रिकेत जातात हे वाचले होते, पण हमरस्त्यावर मेंढ्यांच्या कळपातून वाट काढणारी रिक्षा पाहणे वेगळे. घानात पुष्कळ लोक रिक्षाला 'प्रग्या' म्हणतात. गंमत म्हणजे २०१५-१६ च्या सुमारास आक्राच्या एका वाहिनीने 'कुमकुम भाग्य' ही आपली हिंदी मालिका ट्वी भाषेत दाखवायला सुरुवात केली आणि तिने तिथल्या घराघरांत धुमाकूळ घातला. त्या नायिकेचे नावही प्रग्या! मी भारतातली हे कळल्यावर रिक्षावाल्याने पहिला प्रश्न तिच्याबद्दलच विचारला. हिंदी सिनेमाचे वेड तर तामालेत त्याच्याही कितीतरी आधीपासूनचे आहे. लहान मुले मात्र मला बघून 'सालमिंगा, सालमिंगा' ओरडत होती. सालमिंगा म्हणजे गोरा माणूस. आयुष्यात प्रथमच मला कुणी गोरे म्हटले.

तामालेहून निघायचे, फुफुल्सोच्या तिठ्यावर पश्चिमेला वळायचे, की दोनेक तासांत लाराबांगा. पूर्वी ही तांबड्या मुरमाची वाट होती. प्रवासी उतरायचे ते केसांपासून चपलांपर्यंत लाल होऊन. आफ्रिकी विकास बँकेच्या पैशांतून फुफुल्सो ते सावला हा रस्ता डांबरी झाला, तेव्हापासून खेड्यांतल्या बाजारांत ट्रक थांबू लागले. रस्त्यात दामोंगो लागते. २०१९ मध्ये घानाने नवे प्रदेश पाडले, त्यांत 'सवाना' प्रदेशाची राजधानी होण्याचा मान या गावाला मिळाला. गोंजा लोकांचा सर्वोच्च राजा, यागबोनवुरा, याची गादीही इथेच.

दामोंगोची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९५० च्या दशकात, ब्रिटिशांच्या अमदानीच्या शेवटी, इथे यंत्रांनी भुईमूग पिकवण्याची भलीमोठी योजना निघाली होती. झाडे उपटा, ट्रॅक्टर फिरवा, लोकांना वसवा, शेंगांच्या राशी घाला, असा तो बेत. जमीन आणि पाऊस दोघांनीही साथ दिली नाही आणि त्याच दशकात योजना गुंडाळली गेली. भुईमूग आजही पिकतो, पण गावकऱ्यांच्या पद्धतीने, कुदळीने आणि बेताबेताने. पुढे लाराबांगात गेल्यावर ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवली.

सिमेंटने केलेला घात

लाराबांगाची घरे पाहून खानदेशातली धाब्याची घरे डोळ्यांसमोर आली. मातीच्या जाड भिंती, सपाट मातीचे छत, छतावर वाळत घातलेली मिरची आणि मका. उन्हाळ्यात माणसे वरच झोपतात. घरांच्या घोळक्यातून पुढे गेले की अचानक ती मशीद दिसते, आणि पहिली प्रतिक्रिया असते, एवढीशीच? चारी बाजूंनी जेमतेम आठ मीटर. पण नजर हटत नाही. चुन्याने पांढऱ्याफेक केलेल्या निमुळत्या भिंती, दोन टोकदार मनोरे, आणि सगळीकडून बाहेर डोकावणारे काळे लाकडी सोट. एखादे पांढरे साळिंदर काटे फुलवून बसावे तशी दिसते. हे सोट नुसते शोभेचे नाहीत. ते मातीला धरून ठेवतात, आणि लिंपायची वेळ आली की माणसे त्यांच्यावरच पाय देऊन वर चढतात. म्हणजे परांची इमारतीतच बांधलेली! पुरुषांचा आणि बायकांचा दरवाजा वेगळा. मुस्लिमेतरांनी बाहेरूनच पाहायचे असते आणि मीही बाहेरूनच पाहिले.

गावकरी मशिदीचे साल १४२१ सांगतात, अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही. कथा अशी, की अयुबा नावाच्या प्रवाशाने भाला फेकला आणि तो जिथे रुतला तिथे मशीद उभारली. शेजारच्या गोरखचिंचेखाली त्याची कबर आहे असे मानतात. हो, गोरखचिंचच! कोकणात आणि इतरत्र क्वचित दिसणारे ते प्रचंड बुंध्याचे झाड मुळात आफ्रिकेतूनच आपल्याकडे आले. इथे त्याचा पाला कालवणात घालतात.

मातीची इमारत जगते ती दर काही वर्षांनी तिला लिंपणारे हात आहेत म्हणून. आपल्याकडे सारवण-लिंपण केलेल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. १९७० च्या दशकात कुणाला तरी वाटले, की हा दरवेळचा खटाटोप कशाला, एकदाच सिमेंटचा गिलावा करून टाकू. हेतू चांगलाच होता. पण माती श्वास घेते, सिमेंट घेत नाही. भिंतीतली ओल आत कोंडली, लाकूड कुजू लागले, वाळवी लागली. वरून भिंत ठणठणीत दिसत होती आणि आतून ती पोखरत होती. २००२ मध्ये जागतिक स्मारक निधीने धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत ही मशीद घातली. त्याच वर्षी वादळात तिचा मनोरा कोसळला.

मग उलटा प्रवास सुरू झाला. सिमेंट खरवडून काढायचे आणि पुन्हा माती लावायची. पैसे बाहेरून आले, पण माती कशी भिजवायची, किती दिवस मुरू द्यायची, हे माहीत असणारे म्हातारे गवंडी गावातच शोधावे लागले. तीस वर्षे सिमेंटवर विसंबलेल्या गावात नव्या पोरांना ते काम येत नव्हते. माझ्याबरोबर फिरणारा विशीतला मुलगा म्हणाला, की आणखी दहा वर्षे उशीर झाला असता तर शिकवायलाही कुणी उरले नसते. हे सांगताना तो भिंतीवर तळवा ठेवून उभा होता, आपण गाईच्या पाठीवर ठेवतो तसा.

गावाबाहेर एक 'गूढ शिळा' आहे. १९५० च्या दशकात रस्ता करताना ती हलवली, दुसऱ्या दिवशी ती जागच्या जागी! असे तीनदा झाल्यावर अभियंत्यांनी रस्ताच वळवला म्हणे. शिळा पाहिली. दगड आहे. ही गोष्ट सांगणाऱ्याला पैसे द्यावे लागतात, एवढे लक्षात ठेवा.

पैशांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहिते. लाराबांगात पर्यटकांच्या मागे लागणाऱ्या पोरांबद्दल परदेशी प्रवाशांनी बरेच वाईट लिहिले आहे. कुणी शाळेसाठी, कुणी फुटबॉलसाठी, कुणी नुसतेच पैसे मागते. मलाही त्रास झाला. पण दिवसभर गाड्या धूळ उडवत हत्ती बघायला जाणार, संध्याकाळी तशाच परत येणार, जेवण आणि मुक्काम आत उद्यानातल्या हॉटेलात, आणि गावासाठी फक्त मशिदीसमोरची दहा मिनिटे! त्या दहा मिनिटांत पोरांनी हात पुढे केला तर मला तरी फार नवल वाटत नाही.

कुंपण नसलेली सीमा

मोलेचे मोटेल एका कड्यावर आहे. खाली दोन पाणवठे. जानेवारीत सहारावरून हरमाटन वारा सुटतो, आकाश पिठूळ होते, जंगल करपते आणि हत्ती पाण्यावर येतात. सकाळी सातला बंदूकधारी वनरक्षकाबरोबर पायी निघायचे. जीप नाही, पिंजरा नाही. वाळक्या गवतातून चालताना रक्षकाने हात वर केला आणि आम्ही थिजलो. पन्नास पावलांवर दोन नर. एकाने सोंडेने अंगावर चिखल उडवला, तो थापटल्यासारखा आवाज ऐकू आला. छातीत धडधडत होते, पण हत्तीने आमची दखलही घेतली नाही. कॉब हरणे, पाणकाळवीट, मगरी, रानडुकरासारखी पण सुळेवाली वॉर्टहॉग, हे सगळे दिसते. बबून तर मोटेलच्या टेबलावरून पाव पळवतात. सिंह दाखवतो असे कुणी म्हटले तर मात्र हसून सोडून द्या.

१९५८ मध्ये हा भाग वन्यप्राण्यांसाठी राखला गेला आणि १९७१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. आत राहणारी थोडीफार माणसे बाहेर काढली गेली. त्यांच्या वंशजांना आजही पूर्वजांच्या जागा, देवस्थाने, मासेमारीचे डोह ठाऊक आहेत, पण विनापरवाना आत जाता येत नाही. हत्तींना मात्र परवाना लागत नाही. उद्यानाला कुंपण नाही.

गावाच्या कडेला एका शेतकऱ्याने मला आपले शेत दाखवले. यामचे, म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीच्या कंदाचे, मातीचे उंचवटे नव्याने रचलेले होते. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस, मका हातातोंडाशी आला असताना, एका रात्री तीन हत्ती आले. त्याने डबे बडवले, शेकोटी पेटवली, बायको-मुलांनी आरडाओरडा केला. हत्ती शांतपणे खाऊन गेले. भरपाई मिळाली का, असे मी विचारले. दुभाषा मुलाला तो शब्द समजावून सांगायलाच वेळ लागला. २००२ पासून कर्नाटकातून उतरलेल्या हत्तींनी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गची झोप उडवली आहे. तिथला बागायतदार वनखात्याच्या पंचनाम्यावर आणि तुटपुंज्या भरपाईवर चिडतो. इथे चिडायला पंचनामाही नाही.

हत्ती मारावेत असे तुम्हाला वाटते का, हा प्रश्न विचारताना मी जरा चाचरले. तो म्हणाला, नाही. हत्ती गेले तर रस्ताही जाईल, पाहुणेही जातील, त्याचा धाकटा भाऊ उद्यानात नोकरीला आहे. फक्त, हत्ती सगळ्या देशाचे आहेत आणि मका त्याचा एकट्याचा, हे त्याला पटत नव्हते.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. नोव्हेंबर ते मार्च हा उत्तम काळ. पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला घानात शिरतानाच नव्हे तर भारतात परततानाही दाखवावा लागतो, तो विसरू नका. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. शाकाहारी मंडळींनी 'वाचे' मागावे. वाचे म्हणजे चवळीभात, पण बरोबर मासा नको हे आधीच सांगावे. तुओ झाफी म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. तिच्याबरोबरचे शेंगदाण्याचे सार तर थेट आपल्या उपासाच्या दाण्याच्या आमटीचे भावंड, फक्त त्यात कोंबडी नाही ना हे पाहायचे!

शेवटच्या दिवशी मोग्नोरीला गेले. उद्यानाच्या सीमेवरचे हे गाव. मुरुगु आणि मोग्नोरी या गावांनी मिळून भोवतालच्या रानाचा कारभार कायदेशीरपणे आपल्याकडे घेतला आहे. पाहुण्यांना होडीतून नदीत फिरवायचे, मध विकायचा, घरात मुक्कामाला ठेवायचे. पैसे इथल्या इथे राहतात. होडीत मगर दिसली नाही, खंड्या पुष्कळ दिसले.

परतताना एका अंगणात बायका शिया लोणी करत होत्या. शियाचे झाड आपल्या मोहाच्याच कुळातले. पावसाळ्याच्या तोंडावर फळे पडतात, बायका पहाटे विंचू-सापांची पर्वा न करता ती वेचतात, बिया उकडतात, वाळवतात, कुटतात, भाजतात, दळतात. मग ती चॉकलेटी लापशी पाणी घालून हाताने घुसळत राहायचे, पांढरा गोळा वर येईपर्यंत. मीही हात घातला. पाच मिनिटांत खांदा भरून आला आणि सगळ्याजणी खो-खो हसल्या.

त्यांतल्या वयस्कर बाईने विचारले, तुमच्या देशात हे मिळते का? म्हटले, मिळते, चेहऱ्याला लावायच्या क्रीममध्ये असते. केवढ्याला? मुंबईतल्या दुकानात पाहिलेल्या छोट्या डबीची किंमत मी मनातल्या मनात सेडीत करून सांगितली. दुभाषा मुलाने ती मला पुन्हा विचारली. मी पुन्हा सांगितली. मग त्याने मान वळवून त्यांना ती सांगितली, आणि घुसळणारे हात थांबले.