माउंटन मेडोज : दिलेला शब्द आणि सांडलेले रक्त

अमेरिकेच्या यूटा राज्यातल्या सेंट जॉर्जहून उत्तरेला गाडीने तासाभरात माउंटन मेडोज येते. तिकडच्या नातेवाइकांना भेटायला गेलो, तेव्हा आम्ही वाट वाकडी करून हे ठिकाण पाहिले. डोंगरांच्या मधले लांबलचक कुरण, सोसाट्याचा वारा, आणि टेकडीवर मृतांची नावे कोरलेली ग्रॅनाइटची भिंत.

सप्टेंबर १८५७ मध्ये आर्कान्साहून कॅलिफोर्नियाला निघालेला एक काफिला इथे गुरे चारायला थांबला होता. ७ तारखेला त्याच्यावर हल्ला झाला. हल्लेखोर होते मॉर्मन पंथाचे सशस्त्र स्थानिक लोक आणि त्यांनी सोबत घेतलेले काही पायूट आदिवासी. वेढा पाच दिवस चालला. ११ तारखेला जॉन ली पांढरे निशाण घेऊन आला. ‘हत्यारे द्या, तुम्हाला सुखरूप सीडर सिटीला नेतो,’ असा शब्द त्याने दिला. तहानलेल्या लोकांनी विश्वास ठेवला. थोडे अंतर चालताच त्यांची कत्तल झाली. या हत्याकांडात सुमारे १२० माणसे मारली गेली. वाचली ती १७ लहान मुले. काफिल्याला जाऊ द्या, हा मॉर्मन नेते ब्रिगहॅम यंग यांचा निरोप दोन दिवस उशिरा पोहोचला.

मारणारे कोण होते? एके काळी स्वतः जुल्म सोसलेले लोक. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी मिसूरीच्या गव्हर्नरने मॉर्मनांना राज्यातून हाकला, नाहीतर संपवा, असा हुकूम काढला. तीनच दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीत त्यांचे १७ जण मारले गेले; त्यांत दहा वर्षांचा एक मुलगाही होता. १८४४ मध्ये संस्थापक जोसेफ स्मिथ यांना जमावाने तुरुंगात घुसून ठार केले. घरेदारे सोडून हे लोक १८४७ मध्ये यूटात आले. दहा वर्षांनी सरकारी फौज पुन्हा चालून येत असल्याची खबर आली. भीती खरी होती. पण तिचा सूड उगवला गेला तो वाटसरूंवर.

या कत्तलीचा दोष बराच काळ पायूटांच्या माथी मारला गेला. शिक्षा झाली एकट्या लीला; १८७७ मध्ये याच कुरणात त्याला गोळ्या घातल्या गेल्या.

एखाद्या कौमशी वैर असले तरी इन्साफ सोडू नका, अशी ताकीद सूरह माइदामध्ये आहे. दिलेला शब्द पाळणे हा तर ईमानाचाच भाग. आपल्यावरच्या जुल्माच्या कहाण्या आपण मुलांना जरूर सांगाव्यात. मात्र त्यांच्यासोबत ही ताकीदही सांगायला हवी.