वाकडी पोफळ

दिवाळीत आमच्या दिघीच्या घरापुढे दोन रांगोळ्या निघतात. एक आईची. ती ठिपके मोजून काढते आणि एखादा ठिपका चुकला की स्वतःवरच रागावते. दुसरी माझी. मी बाजारातली भोकाभोकांची नळी घेतो, तिच्यात रांगोळी भरतो आणि अंगणभर फिरवतो. नळी फिरेल तशी एकसारखी वेलबुट्टी उमटत जाते. पाच मिनिटांत अंगण सजते. आई पाहते आणि म्हणते, "छान! पाहुणे यायच्या आत झाली, हे बरं." या वाक्यात कौतुक किती आणि टोला किती, हे मला अजून उमगलेले नाही.

यंदा मला या नळीची संगणकातली थोरली बहीण भेटली. ती कशी भेटली, ते सांगतो.

आमची पोफळीची वाडी दिवेआगरला होती. 'होती' म्हणतो, कारण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि कितीतरी घरांच्या नारळी-पोफळी एका दुपारी आडव्या करून गेले. आमचीही त्यांतच गेली. नवी रोपे लावली आहेत. पण पोफळ फळाला यायलाच पाच-सात वर्षे घेते, आणि जुन्या वाडीची ती गार काळोखी सावली यायला त्याहून पुष्कळ अधिक. आईने सत्तरी ओलांडली आहे. तिच्यापाशी जुन्या वाडीचा एक धड फोटो नाही. रोजच्या डोळ्यांपुढच्या वाडीचा फोटो काढून ठेवायचे कुणाला सुचते? तेव्हा मनाने घेतले की आपणच तिला वाडीचे चित्र काढून द्यावे.

आता मी पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो, पण फळ्यावर आंबा काढला तर मुले त्याला पेरू म्हणतात. शेकडो पोफळी काढणार कोण? सुट्टीत घरी आलेली पुतणी म्हणाली, "काका, शेकडो कशाला? एक काढा. बाकीच्या संगणक काढील."

तिने माझ्या जुन्या संगणकावर 'गिम्प' नावाचे चित्रकामाचे सॉफ्टवेअर घातले. ते फुकट मिळते. १९९५ साली अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोघा विद्यार्थ्यांनी त्याचा आरंभ केला, आणि पुढे जगभरच्या हौशी जाणकारांनी ते वाढवले. मी तासभर माऊसशी झटापट करून एक पोफळ काढली. पुतणीने तिचा ब्रश केला. ब्रश पडद्यावरून ओढला, आणि काय सांगू! सपासप पोफळींची रांग उभी राहिली.

आईला बोलावले. तिने चष्मा पुसून पाहिले. "ही वाडी आहे होय? मला वाटलं, पोलिसांची कवायत."

खरेच होते. प्रत्येक पोफळीची उजवीकडची तिसरी झावळी तेवढीच वाकलेली! माझी रांगोळीची नळीच ती.

पुतणी हरली नाही. या सॉफ्टवेअरमध्ये ॲनिमेटेड ब्रश म्हणून एक प्रकार असतो. ब्रशांच्या यादीत त्याच्या कोपऱ्यात बारीक लाल त्रिकोण दिसतो, तीच त्याची ओळख. साधा ब्रश म्हणजे एक शिक्का. हा म्हणजे शिक्क्यांची थैली. एकाच मापाचे थर, म्हणजे लेअर, एकावर एक घ्यायचे, प्रत्येकावर एक निराळे चित्र काढायचे, आणि सगळे मिळून 'जीआयएच' जातीची फाईल करून ब्रशांच्या फोल्डरमध्ये ठेवायची. मग ब्रश ओढताना थैलीतून एकेक शिक्का बाहेर पडतो. तो ओळीने पडावा, की हात वळेल त्या दिशेप्रमाणे, की मनाला येईल तसा, हे आपण आधी ठरवायचे. दोन शिक्क्यांमधले अंतरही आपल्याच हाती.

आता थैलीत काय भरायचे, हे आईवाचून कोण सांगणार? ती खुर्ची ओढून बसली. "एक सरळसोट काढ. एक मिरवेल चढलेली. एकीची विरी सुटून लोंबतेय अशी काढ. तसल्या विरीवर बसवून तुला ओढत होते मी. एक बारकी, उन्हासाठी मान उंच केलेली. आणि एक वाकडी, विहिरीजवळची."

पाच थर झाले. 'मनाला येईल तसा' हा पर्याय निवडला. मागची रांग ब्रश लहान करून निराळ्या थरावर ओढली आणि तो थर फिका केला, तर सकाळचे धुके उतरल्यासारखे झाले. मधली रांग त्याच्या पुढच्या थरावर, जवळची सगळ्यांत वर. मी स्वतःवर खूश होतो.

आई बराच वेळ बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "सगळं आहे रे. पण वाकडी एकच होती. तू तर वाडीभर वाकड्या लावल्यास."

मोजल्या, तर अकरा भरल्या. ब्रशाला काय ठाऊक, की पाचातली एक निराळी आहे! त्याच्या लेखी पाचही सारख्या.

"तुझे वडील ती तोडायला निघाले होते," आई म्हणाली. "मीच तोडू दिली नाही. रहाटाचं पाणी काढून कळशी उचलताना डावा हात तिच्यावर टेकायची मी. तू पोटात होतास तेव्हासुद्धा."

हे मला चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हते. मी कादंबरीत जत्रा लिहितो, तेव्हा चार-पाच चेहरे उलटसुलट फिरवून गर्दी उभी करतो आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. पण त्या गर्दीतल्या एखाद्याच्या खांद्यावर कुणी भार टाकलेला असतो, ते माझ्या थैलीत कुठून यावे?

थैलीतून वाकडी काढून टाकली. चार शिक्क्यांचा ब्रश पुन्हा केला, वाडी पुन्हा ओढली. मग विहिरीजवळ एक रिकामा थर घेऊन वाकडी एकटी, हाताने काढली. तीन संध्याकाळ लागल्या. आई शेजारी बसून "अजून वाकव," "एवढी नको," सांगत होती. खिडकीबाहेर आगरदांड्याहून फेरीबोट येत होती, जात होती.

चित्र संपले. आईने डावा हात पुढे केला आणि पडद्यावर, त्या बुंध्यापाशी, क्षणभर टेकवला. मला वाटले, आता डोळ्यांना पदर लावणार.

"अरे," ती म्हणाली, "कळशी कुठाय?"

मी मुकाट्याने नवा थर उघडला.