जॅक, पांडू आणि विन्या

लंडनमधल्या ज्या प्राथमिक शाळेत मी वर्गसहायक म्हणून काम करते, तिथे शिशुवर्गाच्या दाराशी कोट अडकवायच्या खुंट्या आहेत. खुंटीखाली मुलाचं नाव: आल्फी, आर्ची, फ्रेडी, जॅक. हजेरीपटातही तेच. आल्फ्रेड, आर्चिबाल्ड, फ्रेडरिक शोधूनही सापडत नाहीत, कारण जन्मदाखल्यावरच लाडाचं नाव घातलेलं असतं. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीत वाढलेल्या मला याचं फार अप्रूप आहे.

यात जॅकची कहाणी सगळ्यांत मोठी. जॉनचा लाडाने जँकिन, त्याचा जॅकिन, त्याचा जॅक. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये पुरुषांची नावं मोजकीच होती. एकाच गावात इतके जॉन, रिचर्ड, हेन्री असत की नुसत्या नावाने कोणाला हाक मारली हे कळायचं नाही. मग जॉनचा जॅक झाला, रिचर्डचा डिक, हेन्रीचा हॅरी. ही नावं इतकी रुळली की त्यांचीच आडनावं झाली: जॅक्सन, डिक्सन, हॅरिसन.

पण रुळलेलं नाव स्वस्तही होतं. खलाशी जॅक, मजूर जॅक, पत्त्यांतला गुलामही जॅक. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये (1861) लोहाराच्या घरात वाढलेला पिप गुलामाला जॅक म्हणतो, आणि श्रीमंत घरातली एस्टेला तेवढ्यावरून त्याला हिणवते. हा प्रसंग मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा पिपसाठी जीव तुटतो. तेच हलकं नाव पुढे कागदावर चढलं, दुसऱ्या महायुद्धानंतर म्हाताऱ्यांचं वाटू लागून मागे पडलं आणि मग असं परतलं की 1996 ते 2008 या सगळ्या वर्षांत इंग्लंड-वेल्समध्ये जन्मलेल्या मुलग्यांच्या नावांत जॅकच पहिला होता. वडिलांच्या पिढीतलं नाव जुनाट वाटतं, पणजोबांचं पुन्हा गोड वाटू लागतं.

डिक मात्र परतला नाही. त्या शब्दाला अश्लील अर्थ चिकटला आणि आईबापांनी तो टाकला. आपल्याकडे पांडूचं थोडंफार असंच झालं. पांडुरंग म्हणजे साक्षात विठ्ठल, त्याचा घरोघरी पांडू. 1975 मध्ये दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ आला, तुफान चालला, आणि रस्त्यावरच्या शिपायाला टारगट पोरं ‘पांडू’ म्हणू लागली. एवढं देवाचं नाव, पण बाळाला ठेवायची छाती आता कोणाला होत नाही.

देवळीत माझ्या लहानपणी गल्लीत गज्या, दिन्या, पम्या, सुऱ्या होते. दाखल्यावर गजानन आणि दिनकर, पण ती नावं मास्तरांपुरती. या ‘या’मध्ये माया होती आणि अपमानही होता, हे लपवून चालणार नाही. आईने ‘गज्या’ म्हणणं वेगळं, आणि साठी ओलांडलेल्या सालदाराला मालकाच्या पोराने ‘गणप्या’ म्हणून हाक मारणं वेगळं. ती दुसरी हाक बंद पडली, फार चांगलं झालं. पण तिच्याबरोबर पहिलीही चालली आहे. आताच्या मुलांची नावं दोन-अडीच अक्षरांची, आधीच इतकी आखूड की लाडाने तोडायला काही उरतच नाही.

हे आमच्या जिल्ह्यात व्हावं याचं मला जास्त वाईट वाटतं. विनायक नरहरी भावे 1921 मध्ये वर्ध्याला आले ते विनोबा म्हणून; पण त्यांची आई त्यांना ‘विन्या’ म्हणायची. त्यांचे भाऊ बाळकृष्ण आणि शिवाजी, तेही बाळकोबा आणि शिवबा झाले. हिंगणघाटला 1914 मध्ये जन्मलेले मुरलीधर देवीदास आमटे यांना ‘बाबा’ ही पदवी जनतेने दिली असं पुष्कळांना वाटतं. ती पदवी नव्हेच. आईवडील लहानपणापासून त्यांना बाबा म्हणत, आणि तेच नाव आनंदवनापर्यंत गेलं. टिळकांचं ठेवलेलं नाव केशव होतं. बाळ हे घरातलं. पुस्तकांवर, खटल्यांच्या कागदांवर, इतिहासात बाळ गंगाधर टिळकच राहिले. इंग्रज आईबाप आज जे करतात, ते आपल्याकडे कधीच होऊन गेलं आहे.

देवळीत माझ्या भाचीला मुलगा झाला आहे. बारसं व्हायचं आहे आणि रोज फोनवर नावांची यादी चालू आहे. घरातला गजानन महाराजांचा भक्तिभाव धरून ‘ग’वरून नाव हवं असं तिच्या सासूबाईंचं म्हणणं. मी म्हटलं, गजू ठेवा. पाळण्यात गजू आणि नगरपरिषदेच्या दाखल्यावरही गजूच.

“काहून मावशी? पोट्टे हसतीन ना त्याले शाळेत!”

मी तिला आमच्या वर्गातल्या खुंट्या सांगितल्या, जॅकची तेरा वर्षं सांगितली, बाबा आमट्यांचं सांगितलं. हिंगणघाट तर शेजारचंच, ते तिला पटलं. तरी सासूबाईंना गजानन हवा आहे, नवऱ्याला इंटरनेटवर सापडलेलं काहीतरी नवं. रविवारी तिघांशी एकदम बोलायचं ठरलंय. सासूबाईंना मी सांगणार आहे की शेगावचे महाराज गजूवर रागावायचे नाहीत.