अक्काच्या ठेवीला हात लावू नकोस

येलदरी, ता. जिंतूर

चि. सुहास यास,


परवा फोनवर तू विचारलंस, "मामा, चाळीस लाखांच्या फ्लॅटला पदरचे किती लागतील?" आणि लगेच म्हणालास, "आईची एफडी आहेच." तेव्हापासून तेच वाक्य डोक्यात घोळतंय. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

परभणीत फ्लॅट घ्यायचा आणि ताई-भाऊजींनी त्यात भाड्यानं राहायचं, हा विचार चांगला आहे. बहिणीवर तुझा किती जीव आहे ते मी लहानपणापासून बघतोय. पण हिशेब नीट कर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतचं कर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं. त्यापुढं ७५ लाखांपर्यंत ८० टक्केच. म्हणजे तुला फार तर ३२ लाख मिळतील, ८ लाख पदरचे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक त्या किमतीत धरत नाही. सहा टक्के मुद्रांक धर, २ लाख ४० हजार. नोंदणीचे ३० हजार. झाले १० लाख ७० हजार. साडेआठ टक्के व्याजानं वीस वर्षांचा हप्ता २७ हजार ७०० च्या वर जातो आणि ताईकडून तू नऊ हजार घेणार. मग "भाड्यातच हप्ता निघेल" असं तुझ्या आईला, अक्काला, का सांगितलंस रे?

अक्का गेल्या आठवड्यात इथं आली होती. साडीच्या दुकानाच्या पिशवीतून ठेवीच्या पावत्या काढून एकेकीची मुदत बोट ठेवून वाचत होती. एका पावतीवर पेन्सिलीनं "डोळा" असं लिहिलंय. मोतीबिंदू पिकत आलाय तिचा. मी विचारलं, तर म्हणाली, "डोळ्याचं पुढच्या वर्षी बघू, आधी सुहासचं घर होऊ दे."

तुझ्या आजोबांच्या, आप्पांच्या, मोबदल्याचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. जमीन धरणात गेली, पैसा हातात आला आणि घरातल्या प्रत्येकाला त्या पैशाचं काहीतरी चांगलं काम सुचलं. वाईट कुणीच वागलं नाही. तरी शेवटी औषधाला आप्पा माझ्यापुढं हात पसरत होते, पूर्णाकाठी ज्यांनी दहा माणसं कामाला ठेवली ते आप्पा! तेव्हापासून माझं ठाम मत आहे : म्हाताऱ्या माणसाचा पैसा त्याच्याच हातात राहिला पाहिजे, लेकरानं कितीही चांगल्या कामाला मागितला तरी. पोराचं शिक्षण, पोरीचं लग्न, मग पोराचं घर, असं करत आपल्याकडं आई-बापाची पुंजी संपते. पोरं वाईट नसतात. पण आईला औषधाची चिठ्ठी पुढं करताना पोराच्या चेहऱ्याकडं बघावं लागतं. ते अक्काच्या वाट्याला येऊ नये, एवढंच मला वाटतं.

आणि भाडं घेणारच असशील तर ताईशी रीतसर भाडेकरार कर. बहिणीशी कसला करार, असं म्हणू नकोस. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदलेलाच लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुझी. उद्या भाऊजींची बदली झाली किंवा घर विकायची वेळ आली, तर तोंडी बोलण्यानं नाती तुटतात. बँकेलाही आधीच सांग की राहणार बहीण आहे. बिल्डर कितीही घाई करो, करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम द्यायची नाही. रेरा कायदाच तसं सांगतो.

घर घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. दोन-तीन वर्षं थांब, स्वतःच्या पगारातून रक्कम उभी कर, कमी पडलं तर लहान घर बघ. ताई भाड्याच्या घरात आहे, उघड्यावर नाही. आधी अक्काच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख घे आणि मला कळव.

तुझा,
मामा