ओट्याखालची दारं

फाल्गुन. काल जुना ओटा फोडला. खालच्या कप्प्यांचं लाकूड हातात घेतलं तर ओल्या भाकरीसारखं कुस्करलं. सिंकखालचं दार एकाच बिजागरीवर लोंबत होतं. सहा वर्षांपूर्वीचंच काम. तेव्हा प्लायवर शिक्का होता, पक्कं बिल होतं आणि विकणाऱ्याने शब्दही दिला होता. त्यामुळे या वेळी शिक्का नाही, प्रत्येक जिन्नस स्वतः पारखून घ्यायचा. ही वही त्यासाठी.

*

मंचरहून कॅटलॉग आणले. आईसमोर पसरले. पांढरी चकचकीत दारं, राखाडी दारं, काचेची दारं. तिने सगळी पानं उलटली आणि म्हणाली, "आखाडात पीठ कोणत्या दाराआड ठेवायचं, ते सांग आधी."

डिंभ्यात राहणाऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. समोर धरणाचं पाणी, मागे डोंगर. आषाढ-श्रावणात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, मिठाला पाणी सुटतं, काड्यापेटी चुलीशेजारी ठेवावी लागते. वर पाटण खोऱ्यात, आहुप्याकडे तर याहून जास्त. तिथल्या जुन्या घरांत कारवीचे कूड आहेत आणि स्वयंपाकघरात बंद कपाट जवळजवळ नाहीच. फळी, शिंकं, उतरंड, भांड्यांची मांडणी, सगळं उघडं. वारा लागतो, चुलीचा धूर लागतो, म्हणून बुरशी धरत नाही. आपण दारं लावायला निघालोय म्हणजे तो वारा अडवणार आहोत, एवढं ध्यानात ठेवून पुढचं ठरवायचं.

*

चार तुकडे उकळले. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ, साधा एमआर प्लाय आणि आयएस 710 चा प्लाय. प्रत्येक तीन इंची. खिळ्याने खुणा केल्या आणि मागच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात सोडले. सकाळी आठला.

पार्टिकल बोर्डाने अर्ध्या तासात कडा सोडल्या. तासाभराने चिमट्याने उचलायला गेले तर भुसा पाण्यात सांडला. एमडीएफ पावासारखा फुगला, कडेला बोट लावलं की लोकरीसारखे तंतू निघत. एमआर प्लाय दुपारपर्यंत बरा वाटत होता, मग एका कोपऱ्यातून पापुद्रा सुटला आणि वहीची पानं उलगडावीत तसा तो उलगडत गेला. 710 चा तुकडा संध्याकाळी पाचला बाहेर काढला. गरम, जड, पण अखंड. मानकाच्या चाचणीत तो 72 तास उकळत ठेवतात. आमचं जळण नऊ तासांत संपलं.

फरक लाकडात कमी, डिंकात जास्त. एमआरमध्ये यूरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, तो पाण्याने आणि उष्णतेने सुटतो. 710 मध्ये फिनॉल-फॉर्मल्डिहाइड. कापलेल्या कडेवर त्याच्या गडद तपकिरी रेघा दिसतात. नुसत्या रेघांवर मात्र जाऊ नये, डिंकात रंगही घालता येतो. तुकडा मागून घ्यावा आणि उकळावा. विकणारा तुकडा देत नसेल तर तिथून प्लाय घेऊ नये.

*

आईच्या माहेरचं घर जुन्या आंबेगावात होतं. ते गाव धरणात गेलं. तालुक्याला नाव अजून त्याच गावाचं आहे, कचेऱ्या घोडेगावला. घर हलवताना आजोबांनी चौकटी काढून आणल्या आणि भिंतीतल्या फडताळाची दोन दारंही. ती आमच्या पडवीत उभी होती, इतकी वर्षं कुणी हात लावला नव्हता.

आज पुसून उन्हात धरली. सागवान, दिल्हेदार. चार पट्ट्यांची चौकट, कूस-साल जोड, कोपऱ्यांत लाकडाच्याच मेखा. मधला दिल्हा चौकटीच्या खाचेत नुसता बसवलेला, खिळा नाही, सरस नाही. वर हिरवा तेलरंग. आणि दिल्ह्याच्या उभ्या कडेशी, दोन्ही बाजूंना, जेमतेम दोऱ्याएवढी फिकी रेघ. तिथे रंग लागलेलाच नाही. मिस्त्री म्हणाले, "ताई, ही रेघ श्रावणात बघा, दिसायची नाही."

लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. अखंड फळीचं दार केलं तर ते वाकतं किंवा चिरतं. म्हणून अरुंद पट्ट्यांची चौकट घट्ट बांधायची आणि रुंद दिल्ह्याला आत हलायला जागा सोडायची. रंगवलं तेव्हा पावसाळा असणार, दिल्हा फुगलेला असणार. आता तो आकसला म्हणून खाचेतला कोरा भाग बाहेर आला. त्या कोऱ्या रेघेवरून मी बराच वेळ बोट फिरवत बसले.

*

कॅटलॉगमध्ये 'शेकर' नावाचं दार आहे. तेच ते, चौकट आणि मध्ये खोल दिल्हा. शेकर हा अमेरिकेतला एक साधा राहणारा ख्रिस्ती पंथ. त्यांच्या सुतारकामावरून हे नाव. पण कॅटलॉगमधलं दार म्हणजे एमडीएफची एकच पाटी, यंत्राने मधून खोल कोरलेली आणि वरून रंगवलेली. हलायला त्यात काही नाहीच. रूप घेतलं आणि ज्या कामासाठी ते रूप आलं ते सोडून दिलं. शिवाय आतल्या कोपऱ्यांत पीठ आणि फोडणीचं तेल बसून राहतं. कोरड्या गावी, शहरातल्या फ्लॅटमध्ये चालेल. आमच्याकडे नको.

*

मिस्त्रींची भाषा शिकतेय. दार डब्याच्या कडेवर पूर्ण बसत असेल तर बिजागरी झिरो क्रँक. दोन दारं एकाच पाटीवर अर्धी-अर्धी बसत असतील तर आठ. दार आत, कडेला समपातळीत हवं असेल तर सोळा. भोक सगळ्यांना 35 मिलिमीटरचंच.

आत बसणारं दार दिसायला सगळ्यांत देखणं, चहूबाजूंनी सारखी फट. पण ती फट दोन मिलिमीटरची, आणि आषाढात लाकूड तेवढं सहज फुगतं. मिस्त्रींनी स्वतःच नको म्हटलं. वरून बसणारं दार फुगलं तरी अडत नाही.

*

आई पंचाहत्तरीची. उजवा गुडघा वाकत नाही, बोटांना सकाळी पकड नसते. तिला दार उघडून, वाकून, मागचा डबा पुढे ओढायला लावणं मला पटत नाही. म्हणून ओट्याखाली दारं कमीत कमी, ओढायचे कप्पे जास्त. डाळी-तांदूळ कमरेच्या उंचीला. खाली जड पातेली. वरच्या कपाटात वर्षातून एकदा लागणारं, कुरडयांचा सोऱ्या आणि पुरणयंत्र.

बिनमुठीची दारं बाद. त्यांना बोटं घालायला वरून खाच असते, त्या खाचेत कणीक जाते आणि आईची बोटं जात नाहीत.

*

सिंकखाली लाकूड नाहीच. कडप्प्याच्या उभ्या पाट्या, ॲल्युमिनियमच्या चौकटीत जाळीचं दार. दिसायला साधं. पण पाणी गळतं ते इथेच, आणि गळायला लागल्यावर ते लगेच दिसायला हवं. सगळ्या ओट्याला एकच रंग, एकच पत्रा हवा हा आग्रह मला कळत नाही. स्वयंपाकघरात ओली जागा, तेलकट जागा आणि कोरडी जागा अशा तीन जागा असतात.

*

पॉलिशचे नमुने. एकाच सागाच्या फळीवर पट्टे ओढले, वाळू दिले, मग प्रत्येकावर गरम चहाचं पातेलं ठेवलं.

चपडी लाख आणि स्पिरिटचं पॉलिश: रंग सुंदर, मधासारखा. पातेलं उचललं तर खाली पांढरं कडं. देव्हाऱ्याला करावं, ओट्याला नाही. मेलामाइन: डाग नाही, पण कडक, टवका उडाला की तेवढाच दुरुस्त करता येत नाही. पीयू: सगळ्यांत टिकाऊ आणि सगळ्यांत महाग, धूळ नसलेली जागा लागते. जवसाचं तेल, रंगाच्या दुकानात ज्याला बेलतेल म्हणतात: मंद चमक, डाग पडला तर तेवढ्यावर पुन्हा हात मारता येतो. दरवर्षी मारावा लागतो, हेही खरं. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नयेत. तेल सुकताना ऊब धरतं आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. आम्ही पाण्यात बुडवून मग दोरीवर पसरल्या.

गॅसच्या शेजारच्या कप्प्यांना मात्र सनमायका. फोडणी उडते तिथे घासून पुसता आलं पाहिजे. खडबडीत लाकडाच्या पोताचा नाही, गुळगुळीत मॅट. आणि पाटीच्या सहाही बाजू बंद, मागची आणि तळाचीसुद्धा. मागच्या वेळी पाणी तळातूनच शिरलं होतं.

*

चैत्र. अंगणात बाळहिरडा वाळतोय.

मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईने 1926 साली फ्रँकफर्टच्या कामगार वस्त्यांसाठी स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी म्हणावी. त्यात पिठाचे कप्पे ओकच्या लाकडाचे होते. ओकमध्ये टॅनिन असतं, त्याने पिठात किडे होत नाहीत अशी समजूत. आणि टॅनिन म्हटलं की हिरडा. चामडं कमावायला तो जातो ते याच गुणामुळे.

हिरडा कुटून उकळला. बांधावरचा आंबा दोन वर्षांपूर्वी वादळात पडला, त्याच्या फळ्या तेव्हापासून वाळत होत्या. एका फळीला ते तपकिरी पाणी दोन हात लावलं. वाळल्यावर वरून हिराकशीचं पाणी, शेतीच्या दुकानात फेरस सल्फेट म्हणून मिळते ती. ब्रश पुढे सरकला आणि मागे लाकूड राखाडी, मग निळसर, मग काळं होत गेलं. वर रंगाचा थर नाहीच, त्यामुळे आंब्याच्या रेषा आतून तशाच दिसत राहिल्या. पूर्वीची शाई याच दोन जिनसांची व्हायची. आई बाहेर येऊन बघत राहिली. म्हणाली, "हिरडं आपण नुसतं विकतच आलो."

वरच्या कपाटाची दारं या फळ्यांची होतील, आजोबांच्या दारासारखी दिल्हेदार. बाहेरूनच काळी. आतून नुसतं तेल. आंब्याला कीड लवकर लागते, म्हणून आधी बोरॅक्स-बोरिकचं पाणी दिलंय.

(उभा आंबा मनाला आलं म्हणून तोडता येत नाही. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आंबा, साग, फणस, जांभूळ आहेत आणि हिरडाही आहे.)

*

आषाढ. पंधरा दिवस ऊन नाही. ओढायचे कप्पे सरकतात. काळ्या दारांपैकी एक खालच्या कोपऱ्यात किंचित घासतंय. मिस्त्रींना रंधा मारू दिला नाही, दिवाळीपर्यंत थांबू.

पिठाचं उत्तर आईनेच काढलं. आजोबांची दोन्ही दारं गॅसजवळच्या कोरड्या भिंतीतल्या कोनाड्याला बसवून घेतली, वर-खाली चार बोटं मोकळी सोडून, वारा खेळायला. आत पिठाचा डबा. मी बॅटरी घेऊन दिल्ह्याची कड पाहिली. हिरवा रंग थेट चौकटीला भिडलाय.

मुठी अजून आलेल्या नाहीत. तोवर तिने भोकांतून सुतळी ओवून गाठी मारल्यात, आणि मनगट अडकवून ती दारं उघडते.