उसना उजेड

दिवसाच्या उजेडाला धनी नसतो. तो सगळ्यांवर सारखाच ओतला जातो, आणि रायपूरच्या मे महिन्यात तर इतका, की माणसांचे चेहरे डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून स्वतःच्याच आत दडी मारून बसतात. रात्री मात्र प्रत्येक उजेड कुणाचा तरी असतो. शंकर नगरात नऊ वाजून गेले, भिंतींची धग थोडी उतरली, की हे उजेड एकेक करून ओळखू येऊ लागतात: औषधाच्या दुकानातली पांढरी ट्यूब, पानठेल्यावरचा लाल-हिरवा पट्टा, आइस्क्रीमच्या फ्रीजमधून गळणारी निळसर झाक, वळणावरून भिंत चाटत जाणारा स्कूटीचा झोत. फोटो काढायचा तर यांच्यापैकी कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहावं लागतं.

फ्लॅश मी नेत नाही. ते म्हणजे पंगतीला घरचा डबा घेऊन बसणं. ५० मिलिमीटरची लेन्स, १.८ पर्यंत उघडलेलं अ‍ॅपर्चर, आयएसओ ३२००, सेकंदाचा साठावा भाग, एवढ्यावर भागतं. इतक्या उघड्या लेन्सला फार थोडं दिसतं. एक डोळा, त्याच्या पापण्या, आणि नाकाच्या शेंड्यापाशीच धुकं सुरू. मागचे दिवे विरघळून त्यांच्या रंगीत चकत्या होतात. लोकांना त्यांचं भारी कौतुक, मला त्या जरा स्वस्त वाटतात.

आत्या फोटोला कधीच राजी नसे. ‘आत्ता कशाला रे, सकाळी काढ ना उजेडात,’ म्हणून पदर सारखा करायची. एका रात्री ती बीपीच्या गोळ्या घ्यायला दुकानाच्या पायरीशी उभी होती, ट्यूबचा उजेड तिच्या अर्ध्याच गालावर आला होता, उरलेला गाल रस्त्याच्या अंधारात होता, आणि अंधारात आपण कुणाला दिसत नाही असा जो एक भाबडा समज माणसाला असतो, त्याच्या भरवशावर तिचा सगळा चेहरा हळूहळू सैल होत गेला, वर्षानुवर्षं सांभाळलेलं हसू, धाक, काळजी, सगळं एकेक करून उतरत गेलं. क्षणभर ती कुणाचीच आत्या नव्हती.

तिचे जुने फोटो कमी दाबाच्या सोडियम दिव्यांखालचे आहेत. तो उजेड जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा. त्यात दुसरा रंग जगत नाही. हिरवी साडी मळकट, लाल कुंकू काळं, अख्खी गल्ली एकाच पिवळ्या कातडीची. आताच्या एलईडीत कुंकू लाल दिसतं, पण भुवयांखाली सावल्या अशा कापून पडतात की माणूस रागावलेला वाटावा. रंग परत आले, माया गेली.

आणि मग सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर आठवतात. १९४५-४६च्या सुमारास त्यांनी जलरंगात आपल्या मुलीला, गीताला, रंगवलं: एका हातात दिवा, दुसऱ्या तळव्याचा आडोसा, आणि आडोशाच्या बोटांतून फुटणारी लाली. ती तीन तास तशी उभी होती म्हणे. चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि अजूनही कितीतरी जण ते बिनदिक्कत रविवर्म्याच्या नावावर खपवतात. गीताच्या चेहऱ्यावर जो उजेड येतो तो तिनंच धरलेला, तिनंच झाकलेला. तेलीबांधा तलावाच्या काठावर, ज्याला सारं रायपूर मरीन ड्राइव्ह म्हणतं, तिथं मुली वाऱ्याकडे पाठ करून मोबाइलवर वाकतात तेव्हा हनुवटीखालून तसंच काहीतरी उजळतं. काचेचा तो निळा उजेड तेलाच्या ज्योतीइतका मवाळ नाही. तरी एखादी मनातल्या मनात हसते, आणि ते हसू पडद्यापलीकडच्या कुणासाठी असतं; तिथं मी कॅमेरा उचलत नाही.

उजेड ज्याचा, तो बहुधा स्वतः अंधारात असतो. तलावाकाठच्या गुपचुपवाल्याचा बल्ब गिऱ्हाइकांच्या तोंडावर, पुऱ्यांच्या काचेवर, पुदिन्याच्या पाण्यावर. त्याचे नुसते हात दिसतात, मनगटापर्यंत. फोटो काढू का, म्हणून विचारलं. त्यानं बल्ब गर्रकन स्वतःकडे फिरवला, गमछ्यानं कपाळ पुसलं, तोंड जरा गंभीर केलं. समोरच्या अंधारात द्रोण धरून उभी असलेली पोरं ओरडली. ‘जल्दी खींचो भैया,’ तो म्हणाला, ‘और फिर दस की प्लेट खाके जाना.’